पासिर रिसमधली सात कलमी तक्रार

रविवार, २३ नोव्हेंबर. पासिर रिस, सिंगापूर.

हजर: मी (नाशिक). सुलभावन्सं, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई (टोरांटो, बावीस वर्षं). धाकटा दीर मंदार आणि जाऊ केतकी, दोघंही आयटीत, एम्प्लॉयमेंट पासवर (नोकरीपुरता राहण्याचा परवाना). त्यांची मुलगी अन्वी, वय बारा, शाळेला सुट्टी. गैरहजर: आमचे हे. रजा मंजूर झाली नाही.

ही हजेरी मी विमानतळावरच वहीत घेतली. कॉलेजच्या कार्यालयात अधीक्षक म्हणून एकवीस वर्षं काढल्यावर माणूस हजेरीशिवाय जेवायलाही बसू शकत नाही. परत आल्यावर सगळे विचारतात, काय काय पाहिलं? उंच इमारती, स्वच्छ रस्ते, दिवे लावलेली झाडं हे हल्ली फोनवर फुकट दिसतं, ते मी सांगणार नाही. मी एका आठवड्यात परदेशात जाऊन एक तक्रार दाखल केली आणि ती निकालीही काढली, ते सांगते. सहलीच्या कंपन्या हे दाखवत नाहीत.

मंदारचा फ्लॅट नवव्या मजल्यावर. भाड्याचाच, पण हवेशीर. गॅलरीतून समुद्राची एक पट्टी दिसते आणि पट्टीवर जहाजं रांगेत उभी असतात, रेशनच्या दुकानापुढे उभं राहावं तशी. इमारतीच्या तळाला गाळे आहेत: न्हाव्याचं दुकान, दवाखाना, किराणा आणि कोपऱ्यात लाल पाटीचं एक खाण्याचं दुकान.

रात्री वरणभात वाढून होईपर्यंत मंदारने दम धरला. मग म्हणाला, "आमचा ब्लॉक बिघडला, वहिनी."

ब्लॉक म्हणजे त्यांची अख्खी इमारत. मला वाटलं चोरी झाली. तर तसं नव्हतं. खाली चिनी लोकांनी दुकान टाकलं होतं. मी म्हटलं, अरे, या देशात बहुतेक माणसं चिनीच आहेत ना? त्यावर त्याने मला समजावलं की ते सिंगापूरचे चिनी, हे चीनचे चिनी. देवगड हापूस आणि हापूस म्हणून विकला जाणारा दुसरा आंबा यांतला फरक सांगताना आमचा फळवाला करतो तसा चेहरा त्याने केला होता.

जेवणानंतर अन्वी चिनी लिपीची वही काढून बसली. शाळेत हिंदी घेता येत होती, पण मंदारनेच हट्टाने चिनी घ्यायला लावली. पुढचा काळ चिनी भाषेचा आहे, असं त्याचं म्हणणं. फक्त तो काळ त्याच्या जिन्याखाली यायला नको होता.

सोमवार. चायनाटाउन.

सकाळी एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, चायनाटाउनला गेलो. लाल कंदील, रंगवलेल्या खिडक्या, वाळवलेल्या औषधी मुळ्यांच्या बरण्या. वन्संनी एका तासात इतके फोटो काढले की फोन तापला. प्रत्येक पाटी चिनी भाषेत होती आणि वन्सं प्रत्येक पाटीला "किती रंगीत" म्हणत होत्या.

मग एका बाकावर बसून, हातात उसाचा रस घेऊन, त्यांनी मला पाश्चात्त्य शहरांमध्ये चिनी दुकानं काय उच्छाद मांडतात ते सांगितलं. आधी एक दुकान येतं. मग शेजारचं दुकान त्याचा भाचा घेतो. मग पाट्या बदलतात, आपल्याला वाचता येत नाहीत. रोख पैसे मागतात. आपसातच बोलतात. गिऱ्हाइकाकडे बघून हसत नाहीत. टोरांटोत वन्संच्या भागात रहिवाशांनी पाट्यांविरुद्ध अर्ज केला होता आणि वन्संनी त्यावर सही केली होती.

"मग तुम्ही मेथी कुठून आणता, वन्सं?" मी विचारलं. त्यांच्या मेथीचे फोटो आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर दर रविवारी येतात.

वन्संनी रस संपवला. "तिथूनच," त्या म्हणाल्या. "ताजी असते."

चिनी दुकानाबद्दल लोकांचं मत कसं ठरतं, ते मला त्या बाकावर कळलं. दुकान शंभर वर्षांचं असलं की तो वारसा. त्याला कमान बांधतात, माहितीपत्रकात छापतात आणि पर्यटक त्याचे फ्रिजवर लावायचे लोहचुंबक विकत घेतात. दुकान चार महिन्यांचं असलं की ते आक्रमण. मधली वर्षं मेथी घेण्यात जातात. आमच्या नाशिकच्या गल्लीतही 'चायनीज'ची गाडी आहे. चालवणारा नेपाळचा, मसाल्यात धणेजिरे, आणि पाटीवर ड्रॅगन. त्याच्याबद्दल कुणाची काहीच तक्रार नाही. चिनी माणूस नसला की चिनी दुकान फार लोकप्रिय होतं.

संध्याकाळी टॅन अंकल आले. सातव्या मजल्यावर राहतात, निवृत्त शिक्षक, आवाज वर्गातला. स्वतः चिनी वंशाचे. त्यांचे वडील तरुणपणी चीनहून बोटीने आले आणि हातगाडीवर नूडल्स विकून त्यांनी पाच मुलं शिकवली, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत अभिमानाने सांगितलं. सहाव्या मिनिटाला ते म्हणाले की हे नवे चीनचे लोक इथे येतात आणि नूडल्स विकतात, हे फार झालं.

गाळ्याच्या मालकाला तक्रार द्यायची होती. अकरा घरं सह्या करायला तयार होती, पण पत्र लिहायला कोणी नव्हतं. मंदारने माझ्याकडे बोट दाखवलं. वहिनींचा मसुदा म्हणजे विद्यापीठसुद्धा परत पाठवत नाही, असं तो म्हणाला. स्तुतीला मी बळी पडते, हे इथेच कबूल करते. मी वही उघडली आणि टॅन अंकल बोलत गेले तशी कलमं काढली. सात झाली.

एक, पाटी फक्त चिनी भाषेत. दोन, पदार्थांची यादीही तशीच. तीन, पहाटेपासून कणीक ओट्यावर आपटण्याचा आवाज. चार, मागच्या दाराशी खोकी. पाच, जिन्यात तेलाचा वास. सहा, मोठ्याने बोलतात. सात, मिसळत नाहीत.

सवयीप्रमाणे उजवीकडे एक रिकामा रकाना आखला आणि वर लिहिलं: पूर्तता. आमच्या कार्यालयात यादीला पूर्ततेचा रकाना नसेल तर ती यादीच धरत नाहीत. मंदारने ते इंग्रजीत टाइप करताना रकाना काढून टाकला. तक्रारीला कशाला लागतो, म्हणाला. मी माझ्या स्थळप्रतीत, तीही इंग्रजीतच, तो ठेवला.

मंदारने सही केली. मी म्हटलं, आधी दुकान बघून यायला हवं, पाहणी केल्याशिवाय पत्र जात नाही. तो म्हणाला, पाहणी टॅन अंकलनी केलीच आहे. मग हळू आवाजात म्हणाला की त्याचा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज आत आहे आणि शेजाऱ्यांबरोबर एका बाजूला असलेलं बरं. मी सातवं कलम मनात पुन्हा वाचलं. मिसळणं कसं असतं, ते मला समोर दिसत होतं.

मंगळवारी सकाळी टॅन अंकलनी पत्र मालकाला दिलं. आम्ही त्या दिवशी सेरंगूनच्या मॉलमध्ये होतो. वन्संची नवी चप्पल सरकत्या जिन्यात अडकून फाटली आणि दुसरी घ्यावी लागली. ती चीनची होती.

बुधवार. पाहणी.

पत्र गेल्यावर पाहणी करणं हे माझ्या नोकरीत कधी झालं नव्हतं. पण न करणं त्याहून वाईट, म्हणून अन्वीला दुभाषी म्हणून घेतलं, स्थळप्रत हातात धरली आणि खाली गेले.

दुकानात चार टेबलं. भिंतीवर एक घड्याळ, एक दिनदर्शिका. ओट्यावर एक बाई कणकेचा दोर दोन्ही हातांनी ताणून आपटत होती. एकाचे दोन, दोनाचे चार, बघता बघता हातात नूडल्सची जुडी. तिसरं कलम ते हेच. माझी आई पुरणपोळीची कणीक अशीच आपटायची आणि त्याला आम्ही हातगुण म्हणायचो.

बाईचं नाव लिऊ. चीनच्या उत्तरेकडच्या थंड भागातल्या. दुकानात त्या, त्यांचे यजमान आणि भाऊ. आम्हाला चालेल असं काय आहे विचारल्यावर त्यांनी अंडं आणि लसणीच्या पातीसारख्या एका पातीचं सारण भरलेले मोदकाच्या जातीचे पदार्थ आणले. कळ्या आमच्यापेक्षा बारीक होत्या, हे नाइलाजाने नोंदवते. सोबत काळसर आंबट व्हिनेगर. मी बारा खाल्ले. त्या हसल्या नाहीत, हे खरं. बारा होईपर्यंत मीही हसले नव्हते.

अन्वीने गप्पा मारल्या. अडखळत, पण मारल्या. त्यातून कळलं की गाळ्याचा करार महिनाअखेरीला संपतो. गावाकडचं घर विकून त्यांनी हे दुकान घातलंय. दुकान गेलं तर इथे राहायचा पासही जाईल. काल मालकाचा निरोप आला होता की ब्लॉकची तक्रार आहे आणि शनिवारी संध्याकाळी तो ठरवणार.

मी घाईत उठले. वर गेल्यावर लक्षात आलं की स्थळप्रत बशीखाली राहिली. एकवीस वर्षांत माझ्या हातून कागद हरवला नव्हता. परत मागायला जाण्याइतकं धैर्य मात्र निघालं नाही.

गुरुवार. हार्बरफ्रंट, आणि परत.

दिवसभर हार्बरफ्रंटला फेरीबोटी पाहिल्या. वन्संना केबल कारमध्ये चक्कर आली, त्यांनी डोळे मिटून फोटो काढले. माझं लक्ष कशात नव्हतं.

संध्याकाळी ब्लॉकपाशी आलो तर लाल पाटीवर इंग्रजी अक्षरं चिकटवलेली. मागच्या दाराशी एक खोकं नाही. आत भिंतीवर, दिनदर्शिकेच्या शेजारी, माझी स्थळप्रत चिकटवलेली. प्रत्येक ओळीखाली चिनी भाषांतर आणि पूर्ततेच्या रकान्यात निळ्या पेनने खुणा. पदार्थांच्या यादीत फोटो टाकले. ओट्याखाली रबराची जाड चटई, आणि कणीक आठच्या आधी आपटायची नाही. धुराड्याचा माणूस उद्या सकाळी येणार, वेळेसकट. मोठ्याने बोलण्याबाबत यजमानांना आणि भावाला सूचना दिली. भाऊ कोपऱ्यात कुजबुजत भांडी घासत होता, आजारी असल्यासारखा.

सातव्या कलमापुढे खूण नव्हती. प्रश्नचिन्ह होतं.

मी अन्वीला म्हटलं, सांग त्यांना, हा कागद माझा आहे. ते मालकाकडचं पत्रही मीच लिहिलंय.

अन्वी वाक्याला सिंगापूरचं 'ला' जोडून म्हणाली, "काकू, सो एम्बॅरसिंग ला." पण सांगितलं.

लिऊबाई हात पुसत बोलल्या आणि अन्वीने एकेक वाक्य जुळवत मराठीत आणलं. "त्यांना माहिती होतं. मालकाने पत्राचा फोटो पाठवला होता. तेच सात पॉइंट्स. पण त्यात हा एम्प्टी कॉलम नव्हता. त्या म्हणतात, ज्याने कॉलम ठेवला, त्याला काम व्हायला हवंय. बाकीच्यांना फक्त आम्ही जायला हवंय."

मग त्यांनी सातव्या कलमावर बोट ठेवलं.

"हे कसं करायचं, असं विचारतायत. कोणाबरोबर मिसळायचं? आणि किती वाजता? शॉप सहाला उघडतं, दहाला बंद होतं."

मी कलम काढताना अंमलबजावणीचा विचार केला नव्हता. वन्संकडे पाहिलं. बावीस वर्षं परदेशात राहिलेलं माणूस, काहीतरी सांगेल. वन्सं पदार्थांच्या फोटोंकडे बघत होत्या.

शुक्रवार. दुसरी यादी.

सकाळी मंदार घरूनच काम करत होता. टॅन अंकल आले, खूश होते. पत्र मालकाला फार आवडलं होतं. मॅडमची भाषा एकदम टॉप, म्हणाले. आता तुम्ही इथे आहातच, तर दुसरंही पत्र लिहून द्या. त्यांनी मुद्दे स्वतःच्या हाताने लिहून आणले होते, तेही क्रमांक घालून.

एक, नवव्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये मसाल्याचा वास. दोन, संध्याकाळी फोनवर मोठ्याने बोलणं. तीन, सकाळी घंटी वाजवणं. चार, दाराबाहेर चपलांचा ढीग. पाच, सतत पाहुणे. सहा, मिसळत नाहीत.

या मजल्यावर चार दारं आहेत. घंटी एकाच दारामागे वाजते. पाहुण्यांपैकी एक तेव्हा त्यांना चहा देत होती.

मंदारने कागद वाचला आणि माझ्याकडे दिला. टॅन अंकलनी त्याच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला. "नॉट यू ला," ते म्हणाले. "यू आर डिफरंट." हे ते मनापासून म्हणाले, यात मला शंका नाही. सोमवारी ते स्वतःच्या वडिलांबद्दल तसंच बोलले होते आणि वन्सं मेथीच्या दुकानाबद्दल.

त्या कागदावर उजवीकडे मी रकाना शोधला. नव्हता.

ते गेल्यावर कुकरची शिट्टी झाली. केतकीने उठून खिडकी लावून घेतली. वासासाठी.

तेव्हा वन्संनी जे सांगितलं ते आजवर त्यांनी माहेरी सांगितलं नव्हतं. टोरांटोला पहिल्या वर्षी त्यांच्या दाराखालून एक चिठ्ठी आली होती. सही नव्हती. घरातल्या वासाबद्दल होती.

"बावीस वर्षं मी फोडणी गॅरेजमध्ये देते, रेखा," त्या म्हणाल्या. "थंडीत कोट घालून. तुम्हाला फोटो पाठवते त्यात मागे भिंत दिसते ना, ती गॅरेजची."

"आणि पाट्यांच्या अर्जावर सही केलीत?"

"सगळे करत होते. मला पहिल्यांदाच कुणी सही मागितली होती."

मंदार उठला, प्रिंटर चालू केला आणि मला म्हणाला, "वहिनी, पूर्तता झाली असं पत्र लिहितात का तुमच्याकडे?"

आमच्याकडे त्याचा छापील नमुना असतो. मी पंधरा मिनिटांत इंग्रजीत मसुदा केला: उपरोक्त कलमांची पूर्तता झाली असल्याने तक्रार निकाली काढण्यात यावी. पहिली सही मंदारने केली. पीआरचा अर्ज आत आहे, अशी आठवण मी मुद्दाम केली. तो म्हणाला, असू दे.

शनिवार. सह्या.

धुराडं शुक्रवारीच दुरुस्त झालं होतं. शनिवारी सकाळी मी कागद घेऊन निघाले, अन्वी बरोबर, आणि आमच्या मागे झाकलेली मोठी परात घेऊन लिऊबाई. दुकान यजमानांवर सोडून. सातव्या कलमाची वेळ त्यांनी स्वतःच ठरवली होती: सकाळी दहा ते बारा. दार उघडलं की अन्वी नाव सांगायची, लिऊबाई चार नग बशीत वाढायच्या आणि मी पेन पुढे करायची. एका घरी आजोबांनी लिऊबाईंशी त्यांच्या गावाकडच्या थंडीबद्दल इतक्या गप्पा मारल्या की मला यादी दाखवून पुढे न्यावं लागलं. एका घरी दार उघडलं, परात पाहिली आणि बंद केलं. मग पाच मिनिटांनी बशी घेऊन उघडलं. बारापर्यंत दहा सह्या झाल्या.

अकरावे टॅन अंकल. त्यांनी पदार्थ खाल्ला, वडील कळ्या जास्त घालायचे असं सांगितलं आणि सही करायला ठाम नकार दिला. तत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणाले. मालक संध्याकाळी ठरवणार होता आणि एकही सही राहिली तरी तक्रार उभी राहत होती. लिऊबाई परात धरून जिन्यात उभ्या होत्या.

मी वही उघडली. "टॅन अंकल, तुमचं दुसरं पत्र मी लिहून देणार आहे. पण आमच्या कार्यालयाचा नियम आहे. पहिली फाइल बंद झाल्याशिवाय दुसरी उघडत नाही."

निवृत्त शिक्षकाला नियम कळतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि सही केली. वर तारीखही घातली. मी जिन्यातच, दुकानाच्या भिंतीवरून काढून आणलेल्या स्थळप्रतीवर, सातव्या कलमापुढचं प्रश्नचिन्ह खोडायला लिऊबाईंकडे पेन दिलं. त्या तेव्हा हसल्या. फार नाही, दारात उभ्या गिऱ्हाइकाकडे बघून हसावं तेवढंच.

रात्री मालकाचा निरोप आला. करार एक वर्ष वाढला.

रविवारी मी निघाले. विमानतळावर मंदार म्हणाला की टॅन अंकल सकाळी खाली नूडल्स खात होते आणि पाटीवरची इंग्रजी अक्षरं वाकडी लागलीत असं लिऊबाईंना सांगत होते. वन्संनी टोरांटोला पोचल्यावर मेथीचा फोटो पाठवला. मागे स्वयंपाकघराची खिडकी होती.

टॅन अंकलचा संदेश दर सोमवारी येतो. मॅडम, पत्र झालं का? मी दर सोमवारी कळवते: प्रक्रियेत आहे. आमच्या कार्यालयात हे दोन शब्द ज्या कागदावर पडले, तो कागद माझ्या आधीच्या अधीक्षकांच्या काळापासून जागचा हललेला नाही.

एकवीस वर्षांत मी स्वतःचं एकही काम पुढच्या वहीत ओढलं नव्हतं. नव्या वर्षाच्या वहीत पहिल्या पानावर मी एकच ओळ उतरवून घेतली आहे. एक, टॅन अंकलचं दुसरं पत्र. पूर्तता: बाकी.